मेंदूचा पीकपेरा: जनुकांच्या नकाशावरून मानसिक आजार अभ्यासताना पायऱ्या कोणत्या आणि माती कुठे होते

"सर, डीआरडी२ टाकलं, नकाशात लाल आलं. मंग झालं ना?"

एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय ठरायच्या दिवसांत हा प्रश्न दरसाल कानावर येतो. डीआरडी२ हे एक जनुक, आणि नकाशा म्हणजे मेंदूच्या कोणत्या भागात कोणतं जनुक किती वाचलं जातं ते दाखवणारा ॲटलस. झालेलं काहीच नसतं. लाल म्हणजे कशाच्या तुलनेत लाल, कुणाच्या मेंदूत, कोणत्या वयात, आणि त्याचा स्किझोफ्रेनियाशी संबंध कोणत्या वाटेने जोडला, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तयार नसतं. पोरं हुशार आहेत, चुकतो तो क्रम. नकाशा आधी उघडतात आणि प्रश्न मागून शोधतात.

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या कॉलेजात आरएनए मोजायची यंत्रं नाहीत. मेंदूचे नमुने तर लांबचीच गोष्ट. पण मोजून ठेवलेले आकडे फुकट मिळतात आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्यांचं काम होतं. हा लेख तेवढ्यासाठीच.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचं सोपं जातं. सातबाऱ्यात दोन नमुने असतात. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, नमुना बारा सांगतो त्यात यंदा काय पेरलं. डीएनए हा सात. तो जवळपास प्रत्येक पेशीत तोच. जीन एक्स्प्रेशन हा बारा: कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणत्या जनुकाच्या आरएनए प्रती किती निघताहेत, म्हणजेच ते जनुक किती वाचलं जातंय. आपण बारा वाचायला बसलोय.

## १. प्रश्न एका ओळीत लिहा, मग साठा निवडा

वहीत एक वाक्य लिहा. "स्किझोफ्रेनिया आणि जनुकं" हे वाक्य नव्हे. "स्किझोफ्रेनियाशी जोडलेली जनुकं प्रौढ मेंदूच्या बाह्यकात कुठे जास्त वाचली जातात?" हे वाक्य. (बाह्यक म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स.) साठा कोणता घ्यायचा ते या वाक्यावरून ठरतं.

निरोगी प्रौढ मेंदूत "कुठे" हा प्रश्न असेल तर ॲलन ह्यूमन ब्रेन ॲटलस. "कोणत्या वयात" असेल तर ब्रेनस्पॅन, त्यात गर्भधारणेनंतरच्या आठव्या आठवड्यापासून चाळिशीपर्यंतचे मेंदू आहेत. डीएनएतल्या एखाद्या फरकामुळे एक्स्प्रेशन बदलतं का, हे जीटेक्समध्ये पाहायचं. तिथे मेंदूचे म्हणून १३ प्रकारचे नमुने आहेत, त्यात मज्जारज्जूही धरलाय. आणि "आजारी माणसाच्या मेंदूत कमी की जास्त" हा प्रश्न असेल तर सायकएनकोड. त्या गटाने २०१८ मध्ये ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तुलनेसाठी घेतलेल्या अशा १,६९५ व्यक्तींच्या मेंदूंचं विश्लेषण मांडलं.

जपा: सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बुडतात. ॲलन ॲटलसमधल्या सहा दात्यांना मानसिक किंवा मेंदूचा आजार असल्याची नोंद नाही. त्या नकाशावरून "स्किझोफ्रेनियात हे जनुक वाढतं" असं लिहिता येत नाही. काही केल्या येत नाही.

वयाचं तर विसरूच नका. ऑटिझम आणि स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या कितीतरी जनुकांची मोठी कामगिरी जन्माआधीच होऊन गेलेली असते. पऱ्हाटी उपटून झाल्यावर वावरात उभं राहून बोंडं मोजण्यात हशील नाही. प्रश्न जडणघडणीचा असेल तर प्रौढांचा ॲटलस बाजूला ठेवून ब्रेनस्पॅनकडे वळा.

## २. जनुकांची यादी: घाई सगळ्यात महाग पडते ती इथे

स्किझोफ्रेनियासाठी सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियमचा २०२२ चा अभ्यास आहे: आजार असलेले ७६,७५५ आणि नसलेले २,४३,६४९ लोक, आणि जीनोमवरच्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएवरच्या, आजाराशी जोडलेल्या २८७ जागा. हे आकडे वाचून पोरं २८७ जनुकांची यादी करतात. तसं नसतं. अभ्यास जागा दाखवतो, जनुक दाखवत नाही. एका जागेत दहा जनुकं असू शकतात, आणि सर्वांत जवळचं जनुकच दोषी असेल असा नियम नाही. कालव्याच्या काठावर सापडलेली चप्पल काठाला लागून असलेल्या वावरवाल्याचीच असेल, असं पोलीसपाटीलही म्हणत नाही.

यादी करायचे सरळ मार्ग दोन. एक, अभ्यासकर्त्यांनी स्वतः पुरावे तपासून निवडलेली जनुकं घ्या. २०२२ च्या अभ्यासात अशी १२० जनुकं दिली आहेत. दोन, त्यांचे खुले आकडे फुमा या, जागांवरून जनुकं शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवा. जड काम त्यांच्या संगणकावर होतं आणि आपला लॅपटॉप गार राहतो. चढवण्यापूर्वी आकडे जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवरचे आहेत ते बघा, १९ की ३८. चुकलं तर संगणक तक्रार करत नाही, गुपचूप दुसरीच जनुकं देतो.

सहाव्या गुणसूत्रावरच्या एमएचसी भागाचा (प्रतिकारशक्तीची बरीच जनुकं इथे आहेत) निर्णय आधीच घ्या. तिथली जनुकं इतकी एकमेकांना चिकटून वारशाने येतात की एकाचा संकेत डझनभरांच्या नावावर चढतो. बहुतेक जण तो भाग वगळतात आणि सी४ सारख्या स्वतंत्रपणे तपासलेल्या जनुकाचा वेगळा विचार करतात. काहीही करा, पण निकाल बघून ठरवू नका.

जपा: यादी एक्सेलमध्ये उघडू नका. एसईपीटी२ चं तो २ सप्टेंबर करतो आणि एमएआरसीएच१ चं १ मार्च. हा घोळ इतका जुना झाला की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्टिन२ आणि मार्चएफ१ अशी. पण ॲटलस त्याआधीचा. म्हणून जुळवाजुळव नावावर न करता एन्ट्रेझ क्रमांकावर, म्हणजे प्रत्येक जनुकाला दिलेल्या ओळख क्रमांकावर करा.

ताळा: यादीत किती जनुकं होती आणि त्यांपैकी ॲटलसमध्ये किती सापडली, हे दोन्ही आकडे वहीत लिहा. दहातली चार गळाली असतील तर पुढे जाऊ नका, कारण शोधा.

## ३. फाइल उतरवणे आणि उघडून ओळखणे

ॲलन ॲटलसच्या दात्यामागे एक झिप, म्हणजे सहा. सगळं उलगडल्यावर काही जीबी होतं. आमच्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं, म्हणून ब्राउझरवर विसंबू नका. तुटलेलं डाउनलोड तुटल्या जागेपासून पुढे नेणारं डब्ल्यूगेटसारखं साधन वापरा आणि रात्री लावून झोपा. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर गूगल कोलॅबवर काम करा. पण तिथलं सत्र बंद पडलं की फाइल जातात, म्हणून मधले निकाल ड्राइव्हवर ठेवत चला.

प्रत्येक झिपमध्ये कामाच्या पाच फाइल असतात: एक्स्प्रेशनची, प्रोबची, नमुन्यांच्या माहितीची, मेंदूच्या भागांच्या नावांची, आणि "संकेत पार्श्वभूमीच्या वर होता की नाही" हे एक-शून्यात सांगणारी. प्रोब म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए ओळखून मोजायला लावलेला डीएनएचा छोटा तुकडा. एक्स्प्रेशनच्या फाइलमध्ये ५८,६९२ ओळी आहेत, एका प्रोबची एक. पहिल्या रकान्यात प्रोबचा क्रमांक आणि पुढे प्रत्येक नमुन्याचा आकडा. रकान्यांना मथळा नाही! त्यामुळे पहिली ओळ मथळा म्हणून वाचली जाते, एक प्रोब गायब होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नमुने कोणते, हे माहितीच्या फाइलमधल्या ओळींच्या क्रमावरून कळतं. ती फाइल चुकूनही क्रम लावून साठवू नका.

आकडे लॉग-२ मध्ये आहेत. ७ आणि ८ यांत फरक एकाचा दिसतो, प्रत्यक्षात दुपटीचा असतो.

ताळा: सहा दात्यांचे नमुने अनुक्रमे ९४६, ८९३, ३६३, ५२९, ४७० आणि ५०१. बेरीज ३,७०२. हे जुळलं नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा वाचताना घोटाळा झालाय.

## ४. प्रोब निवडा

एका जनुकाला बहुधा दोन किंवा जास्त प्रोब असतात आणि ते एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही. सरासरी काढून मोकळं व्हायचा मोह होतो. त्यात एक बरा आणि एक निकामी प्रोब मिसळतो, दुधात पाणी घातल्यासारखा.

क्रम असा ठेवा. आधी प्रोब नव्या जीनोमशी पुन्हा जुळवून घ्या, कारण काही प्रोब ज्या जनुकाचे म्हणून लावले होते त्याचे नव्हतेच असं नंतर कळलं. मग किमान निम्म्या नमुन्यांत पार्श्वभूमीच्या वर न आलेले प्रोब काढून टाका. उरलेल्यांतून असा एक निवडा, ज्याचा भागाभागातला चढउतार सहाही दात्यांत सारखा राहतो.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. अबाजेन नावाचं पायथॉनचं मोफत साधन हे आणि पुढच्या दोन पायऱ्या एका हुकुमात करतं. पण आधी एका जनुकासाठी हाताने करून बघा. न बघता हुकूम देणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो.

## ५. नमुने भागांत बसवा, आणि उजवी बाजू सांभाळा

प्रत्येक नमुन्याला जागेचे तीन निर्देशांक आहेत. त्यावरून तो नमुना तुम्ही निवडलेल्या विभागणीच्या कोणत्या भागात पडतो ते ठरतं. डेसिकन-किलियानी विभागणीत बाह्यकाचे डाव्या बाजूला ३४ आणि उजव्या बाजूला ३४ भाग आहेत. सुरुवातीला तीच बरी. भागाच्या हद्दीपासून दोन मिलिमीटरपेक्षा लांब पडणारा नमुना सोडून द्या, ओढूनताणून बसवू नका.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा रिकाम्या जागी शून्य भरलं. निकाल झकास आला: अमुक जनुकं उजव्या मेंदूत फारच कमी! दोन दिवस हवेत होतो. मग दात्यांची माहिती नीट वाचली. सहापैकी फक्त पहिल्या दोघांच्या दोन्ही बाजूंचे नमुने घेतले आहेत, उरलेल्या चौघांची डावीच बाजू. माझी "कमी" म्हणजे न मोजलेली जागा होती. पाऊस मोजलाच नाही त्या गावच्या नावापुढे शून्य मिलिमीटर लिहावं, तसं. पर्जन्यमापक नाही म्हणून दुष्काळ जाहीर करत नाहीत.

तेव्हा डाव्या बाजूपुरतंच काम करा. आणि रिकामं ते रिकामंच ठेवा.

जपा: बाह्यक, खोलातले गाभे आणि अनुमस्तिष्क (सेरिबेलम) एकाच तक्त्यात घेऊ नका. त्यांच्यातला फरक इतका मोठा आहे की बाह्यकाच्या आतले बारकावे त्याखाली पुसले जातात.

## ६. दात्यांमधला फरक काढा

सहा दाते २४ ते ५७ वयाचे, त्यात बाई एकच. प्रत्येकाच्या आकड्यांची पातळी थोडी वर-खाली असते. म्हणून आधी प्रत्येक दात्याच्या आत आकडे एका मापावर आणा, मग सरासरी. सगळं एकत्र करून मग माप लावलं की एका माणसाचा स्वभाव भागाचा गुणधर्म म्हणून मिरवतो.

ॲटलसच्या संकेतस्थळावरच्या रंगीत तक्त्याचा घोळही इथेच सुटतो. तिथला रंग त्या एका प्रोबच्या स्वतःच्या सरासरीशी तुलना करून दिलेला असतो. डीआरडी२ चा लाल आणि जीएडी१ चा लाल यांची तुलना म्हणजे तुरीच्या भावाची तेजी कापसाच्या तेजीशी क्विंटलमागे लावणं.

ताळा, आणि हा चुकवू नका: आजाराची जनुकं बघण्याआधी ओळखीची बघा. डोपामिन बनवण्याच्या कामातलं टीएच जनुक सबस्टँशिया नायग्रात वर आलं पाहिजे. डोपामिन ग्राहकाचं डीआरडी२ कॉडेट आणि प्युटामेनमध्ये. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं एसएलसी६ए४ मेंदूच्या देठातल्या राफे गाभ्यांत. (हा ताळा खोलातल्या भागांचा आहे, तेव्हा त्यांचा वेगळा तक्ता करून बघा.) ही तीन जागेवर नसतील तर तुमच्या आकड्यांचे रकाने सरकले आहेत. मागे जा, पायरी ३.

एसएलसी६ए४ वरून एक आडवाट. आरएनए राफेमध्ये दिसतो, कारण पेशीचा देह तिथे आहे. पण प्रथिन त्या पेशींच्या लांब तंतूंवरून मेंदूभर पसरलेलं असतं. कापूस आर्णीच्या वावरात पिकतो, सदरा पुण्यात दिसतो. आरएनएचा नकाशा प्रथिनाचा नकाशा म्हणून वाचू नका. औषध कुठे काम करतं हे तर त्यावरून मुळीच सांगू नका.

## ७. पेशींची भेसळ ओळखा

माती परीक्षणाला नमुना कसा देतात ते आठवा. वावरात नागमोडी चालत पाच-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे, सगळी माती गोणपाटावर एकत्र, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. अहवाल येतो तो त्या मिश्रणाचा. धुऱ्याजवळची चोपण आणि मधली काळी त्यात वेगळी दिसत नाही.

ॲटलसचा नमुना तसाच आहे. एका तुकड्यात न्यूरॉन, ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट, मायक्रोग्लिया, रक्तवाहिन्यांच्या पेशी, सगळं एकत्र दळलेलं. एखाद्या भागात तुमचं जनुक जास्त दिसलं तर शक्यता दोन: पेशी ते जास्त वाचताहेत, किंवा ते वाचणाऱ्या पेशीच तिथे जास्त आहेत. दुसरी शक्यता मुलं विचारातच घेत नाहीत.

म्हणून ओळखखुणेची जनुकं बरोबर ठेवा. ॲस्ट्रोसाइटसाठी जीएफएपी, ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी एमबीपी, उत्तेजक न्यूरॉनसाठी एसएलसी१७ए७, रोधक न्यूरॉनसाठी जीएडी१. तुमच्या यादीचा नकाशा यांपैकी एखाद्याच्या नकाशावर जसाच्या तसा बसत असेल तर तुम्हाला आजाराचं काही सापडलेलं नाही, पेशींची शिरगणती सापडली आहे. तीही लिहा, पण त्याच नावाने.

सायकएनकोडसारख्या आजारी-निरोगी तुलनेत तर भेसळीची आणखी कारणं असतात: मृत्यूनंतर नमुना घेईपर्यंत गेलेले तास, ऊतकाची आम्लता, आरएनए किती शाबूत होता, आणि वर्षानुवर्षं घेतलेली औषधं. पहिली तीन आकड्यांत नोंदलेली असतात, विश्लेषणात धरता येतात. औषधांचा हिशोब पुरता सुटत नाही, म्हणून निकालाच्या शेजारी त्याची कबुली द्या.

## ८. तुलना करा, पण शेजाऱ्यांचा हिशोब ठेवून

आता आजाराचा नकाशा हवा. ठिकठिकाणचे मेंदूचे एमआरआय एकत्र अभ्यासणाऱ्या एनिग्मा गटाने २०१८ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४,४७४ आणि नसलेल्या ५,०९८ जणांच्या एमआरआयवरून बाह्यकाची जाडी कुठे किती कमी दिसते ते मांडलं. ते आकडे एनिग्मा टूलबॉक्समध्ये त्याच ६८ भागांवर तयार मिळतात. डावे ३४ घ्या, तुमच्या ३४ शी संबंध काढा. इथवर सोपं.

पी-मूल्याशी (खरा संबंध नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) सगळे घसरतात. शेजारच्या दोन वावरांची माती सारखीच असते; मेंदूतल्या शेजारच्या भागांचंही तेच. त्यामुळे ३४ भाग म्हणजे ३४ स्वतंत्र साक्षीदार होत नाहीत. नेहमीची चाचणी त्यांना स्वतंत्र धरते आणि कोणतेही दोन गुळगुळीत नकाशे एकमेकांशी "जुळले" म्हणून सांगते. (३,७०२ नमुने ३,७०२ निरीक्षणं म्हणून भरणारेही भेटलेत. माणसं सहा आहेत, बाप्पा!)

उपाय: एक नकाशा गोलावर ठेवून हजारो वेळा वाटेल तसा फिरवा, शेजार तसाच ठेवून जागा बदला, आणि खरा संबंध या फिरवलेल्या संबंधांच्या किती वर आहे ते बघा. याला स्पिन टेस्ट म्हणतात आणि ती त्याच टूलबॉक्समध्ये आहे.

जनुकांच्या बाजूनेही एक तुलना लागते. तुमच्या यादीइतकीच जनुकं चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्यांचा निकाल बघा. चिठ्ठ्या टाकायच्या त्या पायरी ४ मध्ये टिकलेल्या जनुकांतूनच, आणि लांबी साधारण तेवढीच ठेवून. मेंदूत वाचली जाणारी जनुकं बरीच लांब असतात. ते न धरता काढलेली तुलना फितूर निघते.

ताळा: एकेक दाता वगळून सगळं सहा वेळा पुन्हा चालवा. एका माणसाला काढल्यावर निकाल कोसळत असेल तर तो निकाल त्या माणसाचा होता.

## ९. लिहिताना

"ही जनुकं या भागात स्किझोफ्रेनिया घडवतात" हे वाक्य खोडा. त्याच्या जागी: "ज्या भागांत स्किझोफ्रेनियात बाह्यकाची जाडी अधिक कमी दिसते, त्या भागांत निरोगी प्रौढांत ही जनुकं तुलनेने जास्त वाचली जातात." लांबट आहे, पण परीक्षक त्यात बोट घालू शकत नाही. संबंध उलट दिशेचा निघाला तर तसं लिहा, काहीच निघाला नाही तर तेही.

सोबत हे द्या: साधनाची आवृत्ती, प्रोब कसे निवडले, किती जनुकं उरली, कोणती विभागणी, किती वेळा फिरवलं. आणि वंशाचा मुद्दा. ॲटलसचे सहाही दाते अमेरिकेतले, त्यात भारतीय वंशाचा एकही नाही. २०२२ च्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे, त्याखालोखाल पूर्व आशियाई. यवतमाळच्या माणसाबद्दल यातून काय म्हणता येईल, ते जपूनच म्हणा.

गावात हा विषय सांगितला की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. मागच्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीला तिच्या मामांनी विचारलं, "बाई, माह्या पोराचं रक्त देतो, त्याच्या डोक्यात काय बिघडलं ते तुह्या नकाशात दिसते काय?" तिने खरं उत्तर दिलं. रक्तातला बारा वेगळा, मेंदूतला वेगळा. जिवंत माणसाच्या मेंदूचा असा नकाशा काढता येत नाही आणि या कामातून कुणाचं निदान होत नाही. मग तिने मामांच्या मोबाइलमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर भरून दिला आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारलं.